तीन बोटं

लोकांचे दात काढणं हा माझा धंदा आहे आणि माझ्या दारात अपॉइंटमेंटशिवाय कोणी उभं राहत नाही. शाळेत मात्र सगळं 'आज' असतं. आज पिवळा शर्ट, आज पुठ्ठ्याचं घर, आज अमक्याच्या मुलाचा वाढदिवस, सगळ्यांनी यायचंच. हे सगळं पालकांच्या ग्रुपवर टाकणाऱ्या बाईंना मी ॲडमिनताई म्हणते. मनात, अर्थात.

त्या दिवशी सकाळी ग्रुपवर आलं: नाटक आज चार वाजता, पालकांनी वेळेवर यावे. वेळेवर म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा पिता पिता मी शाळेचा यथेच्छ उद्धार केला. ऐनवेळी सांगितलेलं मला अजिबात खपत नाही, असं नवऱ्याला ठणकावलं, जसं काही नाटक त्यानेच ठेवलं होतं. लेक मुकाट्याने दूध पीत होती.

नाटकात ती दरवाजा होती. महिनाभर घरात हात पसरून उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "या, या, तुमचीच वाट बघत होते." तेवढं एकच वाक्य. गेल्या वर्षी ती ढग होती आणि मी पोचेपर्यंत आभाळ मोकळं झालं होतं. तेव्हा फार रडली होती. या वेळी पहिल्या रांगेत बसेन, असा मी तिला शब्द दिला होता.

म्हणून कवळी बसवायला येणाऱ्या आजोबांच्या हातापाया पडून त्यांना उद्यावर ढकललं. अडीचच्या सुमाराला आवराआवर करतेय, तोच गाल धरून ॲडमिनताई दारात. गाल हा एवढा सुजलेला. अपॉइंटमेंट? छे, नाव नको. त्या कण्हत कण्हत "नाटक, नाटक" म्हणायला लागल्या.

"नाटकं नंतर," मी म्हटलं. "आधी आ करा."

दाढेत पू झाला होता. मी सुई टोचली, कापूस कोंबला आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. अशी संधी पुन्हा थोडीच मिळणार होती! पिवळ्या शर्टापासून सुरुवात केली. बाई डोळे मोठे करून "अं, अं" करायला लागल्या. लागलं वाटतं मनाला, म्हटलं, बरं झालं. त्यांनी फोनकडे हात नेला, तर मी तो सिस्टरच्या हवाली केला. मग त्यांनी मला तीन बोटं दाखवली.

"तीन दिवसांपासून दुखतंय?" मी म्हटलं. "मग तीन दिवस काय झोपा काढत होतात? सगळं ऐनवेळीच कसं हो सुचतं तुम्हाला?"

बाईंनी हात जोडले. मला वाटलं, माफी मागताहेत. मी मोठ्या मनाने माफ केलं आणि दाढ सावकाश, अगदी मन लावून साफ केली.

कापूस काढला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. सुन्न ओठांनी बाई अडखळत सांगायला लागल्या. पाहुण्यांना लवकर निघायचं होतं, म्हणून नाटक तीनलाच ठेवलं होतं. ग्रुपवर त्यांनी कळवलं होतं, पण कामात मी फोन बघत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून शाळेत जाता जाता मला घ्यायला आल्या होत्या. दाढ त्या नाटकानंतर दाखवणार होत्या.

मी अंगावरच्या ॲप्रनसकट पळाले. हॉलमध्ये शिपाई खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होता. लेक पायरीवर बसली होती, मांडीवर पुठ्ठ्याचा दरवाजा घेऊन. रडली नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"वर्गाच्या बाई विचारत होत्या, तुझ्या आईला फोन करून थोडं थांबू या का," ती म्हणाली. "मी म्हटलं, नको. तिला ऐनवेळी सांगितलेलं खपत नाही."