सोंगाचं नाव

गोराईच्या कोळीवाड्यात धुळवडीला सोंग दारात आलं की घरच्या बाईनं त्याचं नाव ओळखायचं. सोंगानं चकार शब्द काढायचा नाही. नाव बरोबर आलं तर मुखवटा उतरवायचा, नारळ घ्यायचा आणि पुढच्या दाराला लागायचं. चुकलं तर बरोबर नाव येईपर्यंत तिथंच उभं राहायचं. दर्यावरचे नेम माणसं एक वेळ मोडतील, पण हा मोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या शिमग्यात मालनच्या दारात ढोलकी थांबली, तेव्हा तिचे डोळेच भरून आले. श्रावणात, नारळी पुनवेनंतर, तिचा नवरा महादू आणि त्याचा जोडीदार लवू होडी घेऊन गेले होते. होडी उलटली. लवू परत आला, महादू आला नाही. प्रेतही कुठल्या किनाऱ्याला लागलं नाही. "मना तो दिसलाच नाय," एवढंच लवूनं गावाला सांगितलं. मालनचा उंबरा मात्र तो एकदाही चढला नाही. बाजारात ती दिसली की तोंड चुकवायचा.

दिसला नाही म्हणजे मेला असं थोडंच आहे? मालननं कुंकू पुसलं नाही. बायकांनी आधी समजावलं, मग कुजबुज केली, मग यायचंच सोडलं. सवाष्णी तिला बोलवेनात आणि विधवांत ती बसेना. ना इकडची ना तिकडची. त्या घरात तिच्याशी बोलायला उरलं होतं ते एक मांजर, आणि तेही मासळी असेल त्याच दिवशी. दुखवट्याच्या घरापुढून ढोलकी मुकाट जाते, म्हणून तर ती थांबल्याचं मालनला एवढं अप्रूप.

सोंगं दोन होती. एक नऊवारी नेसलेलं.

"खंडू रे, पोट झाक आधी," मालन म्हणाली आणि हशा पिकला. खंडू नारळ घेऊन बाजूला झाला.

दुसरं सोंग राक्षसाचं. ते दाराशीच घुटमळत होतं. ढोलकीवाल्या कुंडलिकनं त्याला आत ढकललं. त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. महादूबरोबर जाळं ओढताना दोरात सापडून ती तुटली तेव्हा मालननंच हळद दाबून बांधली होती. आलास तर एकदाचा, ती मनात म्हणाली. तोंड झाकून का होईना.

"अनंत," ती म्हणाली.

राक्षसानं नकारार्थी मान हलवली.

"नंदकुमार. चंदर."

नाही, नाही. मालन आळीतली नावं घेत सुटली. लोक आधी हसले, मग कंटाळले.

"वयनी, भेजा फिरला काय तुजा?" कुंडलिक म्हणाला. "शेंबड्या पोरालाबी माहीत हाय!"

"तर जा ना तुमी पुढं. मी वलखते निवांत."

ढोलकी पुढच्या दाराला गेली. राक्षस राहिला. मालन उंबऱ्यावर वाट अडवून बसली.

"तुजं नाव मना माहीत हाय. पन ते घेनार नाय. आधी सांग, तो तुला पान्यात दिसला व्हता का?"

मुखवटा हळूच खाली झुकला, आणि वर आला. होय.

एवढे महिने याच उत्तरासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. आता मिळालं, तर नुसत्या मानेनं भागेना; त्याला बोलतं करायला हवं होतं.

"लवू," ती म्हणाली.

त्यानं मुखवटा उतरवला. तोंड रडून सुजलं होतं.

"वयनी, त्यानं माजं नाव घेऊन हाका मारल्या. तरंगायला डबा एकच व्हता, दोगांना पेलला नसता. मी परत वळलोच नाय. मंग हाक थांबली."

मालनला वाटलं, त्याचं तोंड ओरबाडावं. पण रागाहून मोठी भीती होती. हे खरं मानलं की कुंकू पुसायचं, आणि मग या घरात वाट बघायलासुद्धा काही उरत नव्हतं. पुढच्या दारात कुणीतरी चुकीचं नाव घेतलं आणि माणसं खदखदून हसली.

ती उठली. मुखवटा घेऊन तिनं त्याच्या तोंडावर बसवला आणि मागची दोरी करकचून बांधली.

"चुकलं माजं," ती म्हणाली. "तू लवू नाय."

नेम तो नेम. सोंग जागचं हललं नाही. मालन पुन्हा उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यापासून नावं घेऊ लागली.