केळ्यातले काळे ठिपके

सावद्यात केळीचा भाव पडला की घरातल्या भाजीलाही चव राहत नाही. त्या आठवड्यात भाव अजून पडला नव्हता, तरी प्रेमराज भाऊंना जेवण जाईना. त्यांच्या ताटात माती कालवली होती एका व्हिडिओने.

प्रेमराज भाऊंचं केळी पिकवायचं केंद्र आहे. हिरवी केळी थंड खोलीत ठेवायची, खोलीत बेताने गॅस सोडायचा आणि पिवळी झाली की बाजारात धाडायची. कायद्याने चालणारी पद्धत, लपवण्यासारखं काही नाही. असं असताना राजदीप नावाच्या कुठल्या लांबच्या शहरातल्या तरुणाने मोबाईलसमोर एक पिकलं केळं उभं चिरलं, मधले बारीक काळे ठिपके दाखवले आणि ठणकावून सांगितलं, "हे इंजेक्शनचं औषध. सावद्याच्या केळ्यात विष आहे." लाखो लोकांनी ते बघितलं. बघितलं म्हणजे काय, सुरुवात बघितली आणि पुढे ढकललं. तुम्हीआम्ही तरी दुसरं काय करतो?

धुळ्याच्या रतिलालचा फोन आला. प्रेमराज भाऊंकडूनच वर्षानुवर्षं माल नेणारा फळवाला, कधी तक्रार नाही. "भाऊ, गिऱ्हाईक केळं हातात घेतं, उलटंपालटं करतं आणि परत ठेवतं," तो म्हणाला. "लेकुरवाळ्या बाया तर गाडीकडे फिरकत नाहीत. पुढचा माल जरा थांबवा."

भाऊंचं डोकं फिरलं. 'केळी भाव, सावदा' या ग्रुपचे ते ॲडमिन. रोज सकाळी भाव तेच टाकतात, त्यांच्या शब्दावर लोक कटाई थांबवतात आणि सुरू करतात. त्यांनी लिहिलं, "आपल्या केळीला विष म्हणणारा व्हिडिओ दिसला की ताबडतोब रिपोर्ट करा. बघत बसू नका. हे सर्वांचं काम आहे."

सर्वांनी काम केलं. शेतकरी, व्यापारी, मजूर, ट्रकवाले, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कंपनीने काढून टाकला. ग्रुपवर टाळ्यांचा नुसता पाऊस. भाऊंनी घरी जिलेबी आणली.

पण दुसऱ्या दिवशी त्यांची सून मेघा चुलीवरचं दूध उतू गेलं तरी खिडकीशी मोबाईल धरून उभी होती.

"आबा, माझा चॅनेल बंद केला कंपनीने," ती म्हणाली. "लिहिलंय, चुकीची माहिती पसरवली. एकदाच अपील करता येतं. ते फेटाळलं तर चॅनेल कायमचा गेला."

मेघाचा चॅनेल म्हणजे 'बागेतली मेघा'. कापलेल्या झाडाला फुटलेला खोडवा कसा राखावा, घड कसा झाकावा, पानांवरचा करपा रोग कसा ओळखावा, हे ती बागेत उभी राहून सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा गाव तिला भाऊंच्या स्वप्नीलची बायको म्हणायचं. चॅनेल सुरू झाला आणि रावेर, यावलकडून बाया 'मेघाताई आहेत का' म्हणून फोन करायला लागल्या. स्वतःच्या नावाने ओळख मिळणं काय असतं, ते ज्याला ती उशिरा मिळते त्यालाच कळतं. ते नावच आता पुसलं जाणार होतं.

भाऊ खवळले. "कंपनीची ही हिंमत! आपल्या पोरीचं तोंड दाबते? कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेऊ. बोलायचं स्वातंत्र्य आहे की नाही या देशात?"

ओसरीवर शेंगा निवडत बसलेल्या प्रमिलाबाईंनी मान वर केली. या भाऊंच्या थोरल्या बहीण. अमळनेरला शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, चार दिवस माहेरपणाला आलेल्या. अमळनेरात राहून त्यांच्या जिभेवर अहिराणी बसली आहे, आणि ती बाहेर आली की समजावं, कुणाची तरी हजेरी घेतली जाणार.

"काल त्या पोराचं तोंड दाबलं तेव्हा तू जिलेबी वाटलीस," त्या म्हणाल्या. "आज स्वातंत्र्य आठवलं होय रे?"

"अक्का, तो खोटं बोलत होता. मेघा खरं सांगत होती."

"मेघाने काय सांगितलं होतं? पाहिलंस तू?"

भाऊंनी पाहिलं नव्हतं. मेघाने परवा विचारलं होतं, "आबा, मी त्याला उत्तर दिलंय, टाकायच्या आधी एकदा बघता का?" आणि भाऊ फोन कानाला लावून म्हणाले होते, "टाक, टाक." आपल्याच घरातलं माणूस काय म्हणतं, ते ऐकायला सवड कुणाला असते?

तेवढ्यात जीवराम आला. शेजारच्या मळ्याचा मालक, भाऊंचा बालमित्र आणि ग्रुपवरचा सर्वांत हौशी गडी. ओट्यावर टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "प्रेमराज, मी त दोन दोन फोनवरून रिपोर्ट केलं भो. बायकोचा फोन बी सोडला नाही. अन् त्या पोट्ट्याचा दुसरा व्हिडिओ बी उडवला."

"दुसरा कोणता?"

"सुरुवातीला तोच बोलतो. मग एक बाई दिसते, तोंडाला स्कार्फ बांधलेली, बागेत उभी. म्हटलं, यानं आता बाई बी आणली मदतीले. पुढं कोण बघतं? दाबलं बटण."

मेघा उन्हात शूटिंग करताना तोंडाला स्कार्फ बांधते. उत्तर द्यायचं म्हणून तिने सुरुवातीला राजदीपचंच वाक्य घातलं होतं. त्यानंतर ती बागेत गेली होती, झाडावरच पिकलेलं केळं तिने चिरलं होतं आणि त्यातही तेच ठिपके दाखवले होते. ते औषध नव्हे, केळ्याच्या न वाढलेल्या बिया आहेत, हे तिने नीट समजावून सांगितलं होतं. पण तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

भाऊंनी घाईघाईने स्वतःचा मोबाईल उघडला. कंपनीचा संदेश कालपासून पडून होता. 'तुमच्या तक्रारीबद्दल धन्यवाद. आम्ही पुढील व्हिडिओ काढून टाकला आहे.' खाली नाव होतं, 'बागेतली मेघा'.

अरे देवा! मोर्चा न्यायचा तो कुणावर? कंपनीने तोंड दाबलं खरं, पण त्या तोंडावर पहिला हात सासऱ्याचा पडला होता, आणि मागून अख्ख्या गावाचा.

"बठ्ठं गाव शहाणं शे, पन पुरं कोनी दखत नही," अक्का म्हणाल्या. म्हणजे, सगळं गाव शहाणं आहे, पण पूर्ण कुणी बघत नाही. आणि त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

मेघा वळली. ती आत जाऊन दूध पुसायला लागली. ते बघून भाऊ जास्त खचले.

"मग काय करायचं होतं अक्का?" त्यांचा आवाज उतरला होता. "खोटं बोलू द्यायचं? रतिलालचा माल पडून राहिला. मजुरांच्या हातचं काम जातं."

"खोट्याने नुकसान होतं, हे मला सांगू नकोस. मुलं पळवणारी टोळी आली, या एका अफवेवर आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात निरपराध माणसं जिवानिशी गेली. अशा जीव घेणाऱ्या अफवा तर लगेच काढल्याच पाहिजेत, पोलिसांतही गेलं पाहिजे. पण हा पोरगा कुणाला मारा म्हणत नव्हता. तो चुकला होता. चुकलेल्याला आपण शाळेत काय करतो? बाहेर काढतो की गणित पुन्हा सोडवायला लावतो?"

"तो ऐकणार आहे का?"

"विचारलंस का त्याला? आणि एक सांग. व्हिडिओत पुढे तो कार्बाइडच्या पुडीबद्दलही बोलला होता. मी पाहिलाय शेवटपर्यंत. ती पुडी लावून माल पिकवणारे आपल्याकडे कुणीच नाहीत?"

जीवरामने एकदम आभाळाकडे बघितलं. भाऊ खाली बघत राहिले. पुडीवर बंदी आहे, आणि तरीही कोण कोण लावतं, हे दोघांना नावानिशी माहीत होतं.

"म्हणजे खोट्याबरोबर खरंही पुरलंत," अक्का म्हणाल्या. "आणि बटण एवढं सोपं, की उत्तर देणारी आपली पोरगीही त्यात पुरली गेली. उद्या पुडीवाल्याला तुझं खरं आवडलं नाही, तर तोही माणसं जमवून हेच बटण दाबेल. मग कुणाकडे जाशील?"

भाऊ उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "मेघा, चूक माझी आहे. तुझा व्हिडिओ मले दाखव. पूर्ण."

सासरा आणि सून पाटावर शेजारी बसून मेघाच्या मोबाईलमध्ये राहिलेला तो व्हिडिओ बघायला लागले. जीवराम मागून वाकून बघत होता. संपल्यावर तोच म्हणाला, "लई चांगलं सांगितलं पोरी तू. मी उगाच बटण दाबलं."

त्याच दिवशी भाऊंनी ग्रुपवर लिहिलं, "न बघता रिपोर्ट करा असं मी सांगितलं, ते चूक होतं. त्यात आपल्याच मेघाचा व्हिडिओ गेला. मी स्वतः तो न बघता रिपोर्ट केला." भाव टाकणाऱ्या हाताला हे लिहिताना फार वेळ लागला. कंपनीलाही त्यांनी तेच कळवलं. मग त्यांनी राजदीपच्या चॅनेलवरून नंबर काढून त्याला फोन केला.

पलीकडून पोरगा उसळलाच. "तुम्ही लोकांनीच माझा आवाज बंद केलात ना? आता काय धमकी द्यायला फोन केलाय?"

"नाही रे बाबा. बोलावणं करायला केलाय. सावद्याला ये. बाग बघ, माझं केंद्र बघ, कॅमेरा सुरू ठेव. जे दिसेल ते दाखव."

पोरगा आला. मनात धाकधूक असावी, कारण सोबत एक मित्र आणला होता. मेघाने त्याच्या हाती सुरी दिली आणि झाडावर पिकलेलं केळं त्यालाच निवडायला लावलं. त्याने चिरलं. ठिपके होते. दुसऱ्या झाडाचं चिरलं. त्यातही होते. त्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"मला एकाने पाठवलं होतं," तो म्हणाला. "मी विचारलं नाही कुणाला."

"आम्ही तरी कुठं विचारलं?" भाऊ म्हणाले.

मग राजदीपने कॅमेरा भाऊंकडे वळवला आणि पुडीचं विचारलं. या उत्तराने गावातले काही जण दुखावणार, हे भाऊंना दिसत होतं. "हो," ते म्हणाले, "आमच्यात काही जण लावतात. ते बंद झालंच पाहिजे. ग्राहकाने विचारलंच पाहिजे."

राजदीपने नव्या व्हिडिओत ठिपक्यांबद्दल माफी मागितली, पुडीबद्दल मात्र एक शब्द मागे घेतला नाही. मेघाचा व्हिडिओ आपल्या चुकीचा प्रसार नसून आपल्याला दिलेलं उत्तर आहे, असं त्यानेही कंपनीला कळवलं. मग मेघाने ते एकमेव अपील केलं. उत्तर आलं तेव्हा मेघा गोठ्यात होती. ती धावत आली, आणि तिचा चेहरा बघूनच अक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं. कंपनीतल्या कुणीतरी माणसाने अखेर तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला होता. चॅनेल परत आला होता.

भाऊंनी डोळे पुसले आणि जिलेबी आणायला निघाले, तर अक्का म्हणाल्या, "या खेपेला आण. या खेपेला गोड लागेल." धुळ्याहून रतिलालचाही फोन आला. गिऱ्हाईकं परत येत होती, आणि आता केळं घेताना 'पुडी तर नाही ना' असंही विचारत होती.

वाचकहो, खोटं पसरवणं वाईट आहे, आणि ते आवरायला नियम हवेत, कंपनीवर जबाबदारीही हवी. पण न बघता पुढे पाठवणारा अंगठा आणि न बघता तोंड दाबणारा अंगठा एकाच हाताचा असतो. तो हात आपला आहे. आधी पूर्ण बघा, मग विचारा, आणि खोट्यासमोर खरं उभं करा.

जिलेबी खाताना मेघाने मोबाईल पुढे केला. तिच्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हा प्रेमराजच लबाड आहे, याच्या केंद्रात काय चालतं ते मला माहीत आहे.'

"आबा, काढून टाकू का हे?"

भाऊंनी ते दोनदा वाचलं. हात पुसले.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याला लिही, उद्या सकाळी केंद्र उघडं आहे. येऊन बघ म्हणावं."