गोठ्यातलं घोंगडं

सदलग्याच्या रुक्माबाई सुइणीला आताशा दोनच गोष्टींचा वीट आला होता, स्वतःच्या गुडघ्यांचा आणि जयाबाईच्या घराचा. गुडघे निदान गप दुखायचे. जयाबाईचं तोंड मात्र सुनेला दिवस गेल्यापासून सुरू होतं. "औंदा बी मेलेलंच निघालं, तर मष्णूला दुसरी बायकू करून आणते," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची, आणि सून मालुबाई चुलीपुढं बसून मुकाट ऐकायची.

मालुबाईची थोरली पोरगी धडधाकट होती, अंगणात कोंबड्यांमागं पळायची. तिच्या पाठची दोन मात्र आठव्या महिन्यात मेलेली निघाली, अंगाची कातडी सोललेली. दोन्ही रुक्माबाईनंच फडक्यात गुंडाळली. दुसऱ्या खेपेला तिला राहवेना, म्हणून ती चिकोडीच्या डाक्टरीणबाईंना विचारून आली. बाई म्हणाल्या, "बापाला गरमी झालेली असणार. बाहेरून आणलेला रोग त्यानं बायकोला दिला. दोघांनी सुया घेतल्या तर पुढचं मूल वाचेल."

आता हे मष्णूला विचारायचं कुणी? बाईमाणसानं? पण दुसरं होतं तरी कोण! मालूला पाचवा महिना लागला तशी रुक्माबाई भर दुपारी, गुडघे चोळत, मळ्यात गेली. मष्णू तंबाखूचे शेंडे खुडत होता.

"मष्णू, भाईर बाईकडं गेलतास का रं? खोटं बोललास तर ह्ये बी पोर मलाच पुरायला लागंल."

मष्णूचं तोंड उतरलं. हातातला शेंडा त्यानं चुरगळून टाकला.

"गेलतो," तो म्हणाला. "थोरलीच्या येळंला. तंबाखू घिऊन निपाणीला गेलतो, चार दिस वखारीत पडून होतो. घरात तरी काय होतं, मावशी? तिसरा लागला तसं माझं घोंगडं तुमीच गोठ्यात टाकलं. पोरगी हुईस्तवर मालूजवळ बसायची बी चोरी. नंतर फोड आला, गेला. मला वाटलं, बरं झालं."

रुक्माबाई बांधावर बसली. खरंच होतं ते. पोटुशीला तिसरा लागला की नवऱ्याचं घोंगडं उचलून गोठ्यात टाकायचं आणि सासूकडून नारळ-तांदूळ घ्यायचे, ही रीत तिच्या आईची, आजीची. किती घरांतली घोंगडी टाकली तिनं! पुढं काय झालं, हे कधी विचारलंच नव्हतं. तिला मष्णूचा संताप आला, स्वतःचाही आला.

"रीत माझी, पर पाय तुझंच गेलं," ती म्हणाली. "आज आईला सांग, दोष मालूचा न्हाय म्हणून. आन् उद्या चिकोडीला जायाला गाडी जुंप."

मष्णूनं सांगितलं. जयाबाईचं तोंड त्या दिवसापासून बंद झालं. मालुबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं, पण दर आठवड्याला ती मुकाट गाडीत बसायची. सुया संपेपर्यंत दोघांनी लांबच राहायचं, असं डाक्टरीणबाईंनी बजावलं. रुक्माबाईनं मग हळूच विचारलं, "आन् जिथं रोग न्हाय, तिथं वो?"

"बाईला दुखत नसेल, रक्त जात नसेल आणि तिचं मन असेल, तर पोटातल्या मुलाला काही होत नाही," बाई म्हणाल्या.

पाडव्याच्या तोंडावर मालूला पोरगी झाली आणि टाहो फोडून रडली. मालू तिला छातीशी धरून हुंदके देत राहिली. मष्णू दाराबाहेर उभा होता. आत ये, असं मालूनं काही त्याला म्हटलं नाही.

पंधरा दिवसांनी गावातल्याच अंबुबाईचं बोलावणं आलं. तिच्या सुनेला तिसरा लागला होता. उंबऱ्यात नारळ-तांदूळ मांडून ठेवले होते. रुक्माबाई सरळ सुनेपाशी जाऊन बसली.

"पोरी, तुझं काय म्हणणं हाय? त्यो जवळ असलेला बरं वाटतं का नको वाटतं?"

सून भुईकडं बघत पुटपुटली, "बरं वाटतं."

"मग घोंगडं हितंच ऱ्हाऊ दे."

"आगं बया!" अंबुबाई म्हणाली. "आजवर तर तुमीच भाईर टाकत आलाय की!"

"व्हय," रुक्माबाई म्हणाली. "मीच टाकत आले."

नारळाला हात न लावता, गुडघ्यांवर हात टेकून ती उठली.