मोहनकाकांची घंटा

"बाबा, आज माझी बाजू घेऊ नकोस हं! वेळ संपला की घंटा. मुलगी म्हणून एक सेकंदही जास्त नको."

"आणि कमी?"

"कमी? तू? नो चान्स!" ईशानी खो खो हसली आणि लॅपटॉप घेऊन आपल्या खोलीत पळाली.

मोहनकाकांनी देवघरातली पितळी घंटा ओट्यावर आपल्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवली. लॉकडाऊनमुळे बाहेर सगळं ग्लेन वेव्हर्ली उपनगर कुलूपबंद होतं. सलग दुसऱ्या वर्षी परदेशातल्या या मराठी मंडळाचा गणपती झूमवर बसला होता, पण स्पर्धा काही थांबल्या नव्हत्या, आणि स्पर्धा म्हटली की घंटेला मोहनकाका! आयुष्यात ते कधी मंचावर चढले नाहीत, नाटकात भालदाराचंही काम केलं नाही. मंचाखाली कोपऱ्यातल्या खुर्चीत घड्याळ आणि घंटा घेऊन बसायचं, एवढीच त्यांची कीर्ती. वेळ संपला की अध्यक्ष असोत नाहीतर अध्यक्षांची सासू, टण्ण! आणि संपेपर्यंत मात्र कुणालाही अडवायचं नाही. अजितकाका दरवर्षी 'आपली संस्कृती'वर बोलायला उभे राहिले की अर्धा हॉल चहाला उठायचा. मोहनकाका एकटे मान डोलावत ऐकत राहायचे. "दिलेला वेळ ज्याचा त्याचा," ते म्हणत. हॉस्पिटलच्या छतावर हवेचे पंखे नि फिल्टर सांभाळणाऱ्या या माणसाजवळ तत्त्वज्ञान म्हणून काय ते एवढंच होतं.

आज वादविवादाचा विषय जरा तापलेला होता. कुणी स्वतःला 'तो' म्हणवून घेतो, कुणी 'ती', कुणी आणखी काही. समोरच्याने तसंच म्हणावं अशी सक्ती कायद्याने करावी का? मंडळाच्या सेक्रेटरी चित्रलेखाताईंनी तो मोठ्या हौसेने निवडला होता. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि ईशानीच्या चिठ्ठीत निघालं, 'करू नये.'

आतल्या खोलीचं दार बंद होतं. आत नील होता.

लॉकडाऊन लागल्यावर युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवरून घरी आलेली नुपूर जूनमधल्या एका संध्याकाळी जेवताना म्हणाली होती, "मी नुपूर नाहीये. मी नील आहे. मुलगा आहे." आई, म्हणजे रेखाकाकू, पोटभर रडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "नील, धिरडं गार होतंय," म्हणून मोकळ्या झाल्या. ईशानीने तर ताईचा दादा तिथल्या तिथे करून टाकला. जीभ अडखळली ती मोहनकाकांची. मग त्यांनी आडवाट काढली. येता-जाता 'बाळा' म्हणू लागले.

"बाबा, मी थर्ड इयरला आहे!"

"मग काय झालं? बाळ नाहीस?"

नीलने एकच मागणं मागितलं होतं. "मंडळात मी सांगेन. मला वाटेल तेव्हा. तोवर कुणी नाही. प्रॉमिस?" तिघांनी प्रॉमिस केलं होतं. मंडळात सकाळी कळलेली गोष्ट संध्याकाळी पुण्याला आत्यापर्यंत पोचते, हे काय कुणाला ठाऊक नव्हतं! तेव्हापासून नील झूमच्या वाऱ्याला उभा राहत नसे. रोजची आरतीसुद्धा आतूनच ऐकायचा.

भाषण तयार करताना ईशानीला सगळ्यात जास्त मदत मात्र त्यानेच केली होती. "तू जिंक गं. चिठ्ठी आहे ती, तू थोडीच आहेस." पण स्पर्धा सुरू होताना दार मात्र लावून घेतलं होतं.

आधी 'करावी'च्या बाजूने रुद्र बोलला. शांत पोरगा. "रोज चुकीची हाक मारली ना, की माणूस वर्गात हात वर करायचंच सोडतो. मग फ्री स्पीच उरलं कुणाचं?"

 बंद दाराकडे न बघता मोहनकाकांनी वेळेवर घंटा दिली.

मग ईशानी. काय बोलत होती पोरगी! डोळे चमकत होते, हात फ्रेमच्या बाहेर जात होते. "भीतीने दिलेला आदर म्हणजे पोपटपंची! तोंडातून शब्द काढता येईल, मनातून कसा काढणार? चुकायची सोय नसेल तर माणूस शिकणार कसा?" झूमवर टाळ्यांचे हात फडफडायला लागले. त्या हातांनी तिच्यात आणखीच वारं भरलं. "आणि हे मी गूगल करून सांगत नाहीये! मी रोज बघते. कायदा नाही, सक्ती नाही, तरी एक माणूस शिकतोय. कुठे माहितीये? माझ्या स्वतःच्या—"

टण्ण!

ईशानीचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो मोहनराव, अजून बराच वेळ आहे की तिचा!" चित्रलेखाताई म्हणाल्या.

"चुकलं माझं," मोहनकाका म्हणाले. "घड्याळ नीट दिसलं नाही. पण घंटा झाली ती झाली. पुढचं नाव घ्या."

"वय झालं मोहन तुझं!" अजितकाका गडगडले. सगळे चौकोन हसले.

"पुढच्या वर्षी फोनचा टायमरच लावू या," चित्रलेखाताई म्हणाल्या.

"हो. तेच बरं."

बक्षीस रुद्रला गेलं. आपल्या खोलीचं दार धाडकन उघडून ईशानी स्वयंपाकघरात आली. "बाबा! बेस्ट पार्ट राहिला ना माझा! मी म्हणणार होते, माझ्या स्वतःच्या घरात माझा—"

ती थांबली. दोन्ही हात तोंडावर गेले.

आतलं दार उघडं होतं. नील चौकटीत उभा होता.

"दादा, सॉरी. मी खरंच सांगून टाकलं असतं."

"ऐकत होतो मी. भिंती काय, कागदाच्या आहेत आपल्या." तो ईशानीशी बोलत होता, पण बघत होता बाबांकडे. हॉस्पिटलातल्या मास्कचे वळ नाकावर घेऊन ते ओटा पुसत होते. स्वच्छ ओटा.

लॅपटॉपमधून चित्रलेखाताईंची हाक आली. "चला, आरतीला या सगळे! नुपूर कुठे दडून बसते हो हल्ली?"

"आज आम्ही घरच्या घरी करतो, ताई." मोहनकाकांनी लॅपटॉप मिटला आणि घंटेकडे हात नेला. ती आधीच नीलच्या हातात होती.

"मी वाजवू?"

"वाजव, नील."

ईशानीने नेहमीसारखा वरचा सूर लावला आणि नेहमीसारखा तो फाटला. मोहनकाकांनी निरांजन ओवाळलं. आरती संपली, कापूर विझला, तरी घंटा चालूच होती. सवयीने मोहनकाकांची नजर मनगटाकडे गेली.

त्यांनी स्वेटरची बाही हळूच घड्याळावर ओढून घेतली.