कोटाच्या खिशातला बटणांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे आणि मला पस्तीस बटणं आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली मला पाहिलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "हा अजून चालतो?" चालतो. बॅटरी दोनदा बदलली आहे, पाठीवरचं झाकण दुसऱ्याच कुठल्या फोनचं आहे, एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. पण बटणं पस्तीसच्या पस्तीस शाबूत आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या एका भावंडाची बटणं लोखंडी बोटाने दहा लाख वेळा दाबून पाहिली होती. तो बिचारा त्यातच कामी आला, पण आम्ही बाकीचे पास झालो. माझ्या मधल्या बटणावर तिळाएवढा उंचवटा ठेवला होता, तिथून अंगठ्याला बाकीची बटणं न बघता सापडावीत म्हणून. त्या वेळी मला वाटलं होतं, एवढी काळजी घेऊन बनवलंय म्हणजे लोकांच्या उड्या पडणार.

उड्या पडल्या, पण शेजारच्या फोनवर. दुकानात मी सात महिने पडून होतो. येणारा प्रत्येक जण मला हातात घ्यायचा, चार बटणं दाबायचा, "वा, काय मजा आहे नाही बटणांत!" म्हणायचा आणि काचेचा फोन विकत घ्यायचा. कौतुकाने पोट भरलं असतं तर मी केव्हाच लठ्ठ झालो असतो. 'जुनं ते सोनं' म्हणणारे मला खूप भेटले. सोन्याच्या भावाने घेणारा सोडा, निम्म्या किमतीत घेणाराही भेटेना.

मग एके दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या आतबाहेर, ठेंगण्या, भर उन्हाळ्यात हातात लोकरीचे हातमोजे घातलेल्या. दुकानदाराला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

"ताई, हातमोजे घालून फोन बघतात का कुणी?"

"मी बघते. मला हातमोजे घालूनच वापरायचाय," बाई म्हणाल्या.

त्यांनी पाच काचेचे फोन पाहिले. एकही त्यांच्या बोटाला ओ देईना. मग त्यांनी मला उचललं, सरळ आपल्या पिशवीत घातलं आणि पिशवीतल्या पिशवीत, छताकडे बघत, काही आकडे दाबले. बाहेर काढून बघितलं, तर सगळे बरोबर. "हा द्या," त्या म्हणाल्या. घासाघीससुद्धा केली नाही.

या बाई म्हणजे अक्का. एका शीतगृहात त्या पर्यवेक्षक होत्या. तिथे सहा चेंबर होते. चेंबर म्हणजे मोठ्या खोल्याच, फक्त भिंती हातभर जाड आणि आत बर्फाचं राज्य. तीन नंबरमध्ये वाटाणे असायचे, उणे अठराला. चार नंबरमध्ये लहान मुलांच्या लसी, उणे वीसला. दर दोन तासांनी प्रत्येक चेंबरमध्ये जाऊन तापमापकाचा काटा बघायचा आणि जागच्या जागी आकडा कळवायचा, हे अक्कांचं काम.

आता गंमत अशी की उणे वीसमध्ये फोन बाहेर काढला की बॅटरीचा जीव घाबरतो. भरलेली बॅटरी बघता बघता मान टाकते. म्हणून अक्कांनी स्वतःची रीत बसवली. मला त्या जाड कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, अंगाच्या उबेत. वरचा जाडजूड मोजा दोरीने बाहीला लोंबकळत असे, आत पातळ लोकरीचा मोजा असे. डोळे काट्यावर, हात खिशात. अंगठ्याने उंचवटा शोधायचा आणि दोन आकडे दाबायचे, चेंबरचा नंबर आणि तापमान. "४ २०." बस. कंट्रोल रूममध्ये बसलेले काका ते वहीत उतरवून घेत. आठ वर्षं हे चाललं. त्या आठ वर्षांत आत काम करताना अक्कांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडे कुणी सारखं बघत बसत नाही.

घरी मात्र अक्कांची लेक माझी टर उडवायची. "आई, हा फोन एखाद्या संग्रहालयाला दे. दुवा देतील ते लोक."

"आधी मला ठेव संग्रहालयात, मग त्याला," अक्का म्हणायच्या आणि मला चार्जिंगला लावायच्या.

मला बनवणाऱ्या कंपनीने बटणांचे फोन बनवणं बंद केलं, हेही मला लेकीकडूनच कळलं. ती बातमी तिने जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. अक्कांनी विचारलं, "का गं?" लेक म्हणाली, "कोणी घेत नाही म्हणून." विषय संपला.

मग शीतगृहात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण उत्साहाने उतू जाणारा होता. त्यांनी सगळ्यांना काचेचे नवे फोन दिले आणि त्यात एक अ‍ॅप. आकडा अ‍ॅपमध्ये भरायचा. तापमान बिघडलेलं असेल तर अ‍ॅप आपणहून मेकॅनिकला बोलावणार. काकांची वही कपाटात गेली, आणि काका पडद्यावरचे हिरवे ठिपके बघत बसले.

"अक्का, आता तुमचं ते बटणांचं खेळणं बंद. दोन दोन ठिकाणी नोंदी नकोत," साहेब म्हणाले.

"बरं," अक्का म्हणाल्या. अक्का नाकासमोर चालणाऱ्या बाई. नव्या फोनला त्यांनी नावं ठेवली नाहीत.

पण काचेला मोज्यातलं बोट कळेना, आणि मोजा काढला तर गारठून अक्कांनाच बोट कळेना अशी स्थिती. शिवाय थंडीत तो नवा फोन दोन मिनिटांत डोळे मिटायचा. मग सगळ्यांनी जे केलं तेच अक्कांनीही केलं. आत जायचं, आकडे डोक्यात ठेवायचे, बाहेर येऊन बाकावर बसायचं, हात चोळायचे आणि आठवून आकडे भरायचे. नियमात हे बसत नव्हतं. नोंद काट्यासमोर उभं राहून करायची, असा नियम होता. पण नियम करणारे चेंबरमध्ये कुठे उभे राहतात?

मी अजून खिशातच होतो. अक्कांचा अंगठा आठ वर्षांच्या सवयीने आपला चालूच असायचा. संदेश कंट्रोल रूमच्या नंबरावर जात होते, पण तिथे आता ते कुणी वाचत नव्हतं.

एके दिवशी बारा वाजता अक्का तीन नंबरमध्ये गेल्या. काटा उणे अठरावर. मग चार नंबरमध्ये. काटा उणे अकरावर. त्या दचकल्या. खिशात त्यांचा अंगठा जोरात पडला, ते मला आजही आठवतं. "४ ११." मग त्या धावत बाहेर आल्या आणि घाईघाईत अ‍ॅपमध्ये आकडे भरले. अ‍ॅपने लाल दिवा दाखवला, मेकॅनिकला हाक गेली. अक्का निश्चिंत झाल्या आणि मागच्या फाटकावर माल उतरवून घ्यायला गेल्या. अर्ध्या तासाने बघितलं तर ठिपका पुन्हा हिरवा. म्हणजे दुरुस्ती झाली, असं त्या समजल्या. दोन वाजता त्या फाटकावरच अडकल्या होत्या, म्हणून ती फेरी हुकली.

साडेतीनला मेकॅनिक चहा पिताना भेटला. "अक्का, तीन नंबर ठणठणीत आहे हो. उगाच पळवलंत मला. उणे अठरा म्हणजे उणे अठरा. मी दिवा बंद करून टाकला."

"तीन? मी चार नंबर भरला होता."

"तीनच आलं होतं मला."

अक्कांनी अ‍ॅप उघडलं. तिथे तीनसमोर उणे अकरा होतं आणि चारसमोर उणे अठरा. मग त्यांनी मला खिशातून काढलं. माझ्यात "३ १८" होतं आणि खाली "४ ११". काट्यासमोर उभं राहून लिहिलेलं खरं होतं आणि बाकावर बसून आठवलेलं उलटसुलट झालं होतं.

दोघं धावले. चार नंबरचा काटा उणे नऊवर होता. पंख्यात बर्फ साचून तो अडकला होता. मेकॅनिकने भराभर बर्फ काढला, पंखा सुरू केला. तोवर साहेब आले. पाच वाजता लसींची गाडी भरायची होती आणि गाडी फाटकाशी उभी होती.

साहेबांनी अ‍ॅप पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "बारा वाजता उणे अठरा आहे. म्हणजे बिघाड नंतरचा. दोनची फेरी हुकली असली, तरी तासाभराचाच असेल. दोन तासांपर्यंत आपल्या नियमात चालतं. थंड झालं की गाडी भरा."

मित्रांनो, त्या क्षणी अक्का गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. बाराची नोंद स्वच्छ होती. गाडी गेली असती, आणि त्या लसी लहान मुलांच्या दंडात गेल्या असत्या. बिघडलेली लस बघून ओळखता येत नाही. ती टोचून घेणारं मूल रडतं तेवढंच, आणि आईला वाटतं आता काळजी मिटली.

मेकॅनिक हळूच म्हणाला, "अक्का, सांगायचंच असेल तर अ‍ॅपची चूक म्हणा ना. सगळे तेच म्हणतात. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

अक्कांनी मला साहेबांसमोर धरलं. "साहेब, बारालाच उणे अकरा होतं. हे बघा. माल चार तास गरम आहे. निदान."

साहेबांनी माझा पडदा दोनदा वाचला. "पण मग अ‍ॅपमधली नोंद? ती तर तुमच्याच नावावर आहे."

"माझीच आहे. बाहेर येऊन, बाकावर बसून, आठवून भरली. आकडे उलटे भरले मी."

मग साहेब म्हणाले, "लेखी द्यावं लागेल. संदेश पाठवलात तरी चालेल. माल त्याशिवाय थांबवता येणार नाही मला."

अक्का साहेबांच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. मोजे काढलेले, खोलीत लख्ख उजेड, मी त्यांच्या समोर टेबलावर. आणि काय सांगू, त्यांना लिहिताच येईना. आठ वर्षांत त्यांनी माझी बटणं अशी बघितलीच नव्हती. एकेक अक्षर शोधत होत्या, चुकत होत्या, पुसत होत्या. मला त्यांची फार कीव आली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकही ठपका नसलेली बाई स्वतःच्या हाताने पहिला ठपका लिहीत होती.

मग त्यांनी मला उचललं आणि कोटाच्या खिशात घातलं. डोळे भिंतीवर लावले. अंगठ्याने उंचवटा शोधला आणि एका दमात लिहिलं. "बारा वाजता चार नंबरचं तापमान उणे अकरा होतं. अ‍ॅपमधली नोंद चुकीची आहे. ती मी बाहेर येऊन आठवणीने भरली. चूक माझी आहे." एकही अक्षर चुकलं नाही.

गाडी रिकामी परत गेली. माल तपासणीला गेला आणि त्यातला निम्म्याहून जास्त बाद ठरला. अक्कांना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती नीट घडी घालून कपाटात ठेवली आणि घरी कुणाला दाखवली नाही.

साहेबांनी मात्र एक केलं. ते स्वतः अ‍ॅपचा फोन घेऊन चार नंबरमध्ये उभे राहिले. दीड मिनिटात फोन गेला आणि दोन मिनिटांत साहेब बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ते मला नमुना म्हणून घेऊन बाजारात गेले. असे बारा फोन हवेत, म्हणाले.

दुकानदार हसला. "साहेब, रोज कोणीतरी विचारतं बघा. बटणांचा आहे का म्हणून. मध्यंतरी एका छोट्या कंपनीचे चार आणले होते. चाळीस जणांनी हाताळले. शेवटी एक विकला गेला, तोही परत आला."

"पण आम्हाला खरंच गरज आहे."

"गरज तुमची बारांची. कारखाना काय बारांवर चालतो?"

त्याचं बोलणं मला लागलं, पण खोटं नव्हतं. बाजार डोकी मोजतो. त्यात कुणाचे हात गारठलेत, कुणाचे थरथरतात, कुणाला दिसत नाही, हे मोजायला तो थांबत नाही. तेव्हा माझ्यासारख्यांना बाजारात जागा आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, दुकानाच्या फळीवर फारशी नाही. काही खिशांत आहे.

शेवटी साहेबांनी प्रत्येक चेंबरमध्ये काट्याशेजारी एक तक्ता आणि दोरीला बांधलेली पेन्सिल लावली. शाई गोठते, पेन्सिल गोठत नाही. मला पेन्सिलीने हरवलं, असं म्हणा हवं तर. मी रागावलो नाही. तिला चार्जिंगही लागत नाही. अक्कांना मात्र त्यांनी सांगितलं, "तुम्ही तुमच्या पद्धतीने कळवा." काकांची वहीही कपाटातून बाहेर आली.

पुढच्या सोमवारी चार नंबरमध्ये नव्या लसी आल्या. अक्का काट्यासमोर उभ्या राहिल्या, हात खिशात. "४ २०." इतक्या वर्षांत त्यांच्या आकड्यांना कधी उत्तर आलं नव्हतं, येण्याची गरजही नव्हती. त्या दिवशी मी खिशात थरथरलो. अक्कांनी बाहेर येऊन मला पाहिलं. काकांनी लिहिलं होतं, "वाचलं, अक्का. उतरवून घेतलं."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी असेल, जे कुणाच्या तरी हातात बघून तुम्हाला हसू येतं. ते मोडीत काढायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारा, याने तुझं नेमकं काय होतं? आणि तो सांगत असेल तेव्हा लक्ष देऊन ऐका. त्या दिवशी साडेतीन तास माझ्यात खरा आकडा पडून होता, आणि तो वाचणारं कुणी नव्हतं.