कपाळी कुंकू, पोटात पाणी

मी एक ड्रम. चिंचपोकळीच्या एका चाळीत, दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीत, दोन बिऱ्हाडांच्या मधोमध उभा आहे. इथली माणसं मला पिंप म्हणतात. मला एक लाकडी झाकण आहे आणि सोबतीला एक पोचे पडलेला तांब्या. वरून पाहिलं तर मी कुणाच्याही घरच्या पिंपासारखा दिसतो. पण माझ्या वरच्या कडेखाली बोटाएवढा एक लालसर डाग आहे. राखेनं घासला, सोड्यानं घासला, फिकट झाला पण गेला नाही. त्या डागाची मला फार लाज वाटते.

माझा जन्म रे रोडचा. लाकडाच्या वखारींच्या मागे एक पत्र्याचा कारखाना होता. तिथं मला वाकवलं, सांधलं, डोक्यावर एक बूच दिलं आणि हातगाडीवर घालून जवळच्याच एका गोदामात नेलं. ते गोदाम अप्पांच्या रंगाच्या कंपनीचं. रंग करायला जवसाचं तेल लागतं, आणि ते तेल सांभाळायचं काम माझ्यासारख्या ड्रमांचं. पहिल्यांदा तेल पोटात गेलं तेव्हा मला मोठं झाल्यासारखं वाटलं. आपल्यात काहीतरी किमती आहे ही भावना माणसालाच असते असं नाही.

अप्पा म्हणजे मोठा माणूस. पांढरं धोतर, काळा कोट, आवाज असा की वखारीतले हमालही मान वळवून बघायचे. तेव्हा मुंबई कुणाची यावरून शहर पेटलं होतं. अप्पा सभांना जायचे, मोर्च्याला कंपनीची लॉरी द्यायचे. गिरगावच्या आणि परळच्या चाळी पालथ्या घालून त्यांनी दहा-दहा रुपयांचे शेअर विकले होते. ‘मुंबई आपली म्हणता, मग मुंबईत धंदा आपला नको?’ असं त्यांनी विचारलं की लोक फडताळातला डबा उघडायचे. कंपनी खरोखरच शेकडो घरांची झाली होती.

गोदाम सांभाळायचा दत्ताराम. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. नोकरीसाठी फिरताना जिथं गेला तिथं आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग जागा भरलेली निघाली. अप्पांनी आडनाव विचारलं नाही. ‘अक्षर दाखव,’ म्हणाले, आणि अक्षर बघून गोदामाच्या किल्ल्या दिल्या. ते उपकार दत्तारामनं अंगरख्यासारखे घातले होते, काढायला तयार नव्हता. ते पुढं त्याला फार जड झाले.

हिशेब बघायचे कमलाकांत. जुन्या गिरगावकर घरातले, देवभोळे, पण कामात कडक. त्यांनी कंपनीला दोन नियम घालून दिले होते. ज्याच्या ताब्यात माल, त्यानं माल मोजायचा नाही. आणि जो मोजेल, त्यानं तळापर्यंत बघायचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक लांब काचेची नळी होती, मखमलीच्या पेटीत ठेवलेली. वरचं तोंड अंगठ्यानं दाबून ती ड्रमात तळापर्यंत सोडायची, अंगठा उचलायचा, पुन्हा दाबायचा आणि नळी वर काढायची. तळाशी जे असेल ते काचेतून दिसतं. वर्ष संपताना, दिवाळीच्या तोंडावर, कमलाकांत स्वतः येऊन प्रत्येक ड्रमात नळी घालायचे. त्यांच्या सहीचा कागद पुढं ऑडिटरकडे जायचा, आणि त्याच्या आधारानं छापलेला ताळेबंद शेअरवाल्यांच्या घरी.

नळी पोटात शिरली की मला बरं वाटायचं. सोनेरी तेल काचेत चढायचं, कमलाकांत ते उजेडात धरायचे, ‘ठीक’ म्हणायचे आणि पुढच्या ड्रमाकडे जायचे. आपल्याला कुणी तळापर्यंत पाहिलं आणि ठीक म्हटलं, यापरतं सुख नाही. ते मला दोनदाच मिळालं.

मग वाईट वर्ष आलं. बंद, संचारबंदी, कारखाना अर्धा दिवस चालायचा. नफा झाला नाही. एवढंच सांगायचं होतं. ‘यंदा काही उरलं नाही’ म्हणून सभेत उभं राहिलं असतं तर लोक हळहळले असते आणि घरी गेले असते. पण अप्पांना ते जमेना. ज्या तोंडानं आपला धंदा म्हटलं, त्या तोंडानं तोटा कसा म्हणायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी गोदामातलं तेल गुपचूप विकलं आणि त्या पैशातून शेअरवाल्यांना नफा वाटला. लोकांनी पेढे वाटले. तेल कागदावर मात्र तसंच राहिलं, आणि त्याच तेलावर बँकेचं कर्जही होतं.

पुढची दिवाळी जवळ आली. कमलाकांत नळी घेऊन येणार हे ठरलेलं. अप्पा दुपारचे गोदामात आले. लोकांना वाटतं असली कामं रात्रीच होतात. बाहेर हातगाड्यांचा खडखडाट चालला होता, चहावाला ग्लास घेऊन गेला होता, आणि अप्पा दत्तारामला शांतपणे म्हणाले, “तळाशी पाणी सोड. तेल आपोआप वर येईल.”

“अप्पा, साहेब नळी घालतात.”

“ते माझ्यावर सोड. एका वर्षाचा प्रश्न आहे रे. पुढच्या वर्षी सगळं भरून काढू.”

दत्तारामनं माझं बूच फिरवलं. मग त्यानं रबरी पाइप माझ्या तोंडात घातला. पाणी थेट खाली गेलं आणि उरलंसुरलं तेल वर सरकलं. थंड, जड, परकं पाणी माझ्या पोटात चढत होतं आणि वर तेलाचा हातभर थर चमकत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच. मी पत्रा आहे, मला नाही म्हणता येत नाही. दत्तारामला येत होतं. पण त्याच्या मनात तेव्हा ते ‘अक्षर दाखव’ घुमत असणार.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी भटजी आणले. दरसाल मोजदाद झाली की मगच गोदामाची पूजा व्हायची. यंदा आधी झाली. आम्हा सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या, बुचावर फूल ठेवलं, कडेखाली कुंकवाचं बोट लावलं. दत्ताराम दाराशी उभा होता. त्यानं आदल्या वर्षीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, घरातले देव उतरवले होते. कुंकवाचं बोट म्हणजे फक्त कुंकवाचं बोट, हे त्या गोदामात त्याच्याइतकं स्वच्छ कुणाला ठाऊक नव्हतं.

कमलाकांत आले, पेटी उघडली, नळी पुसली. माझ्यासमोर उभे राहिले आणि थबकले.

“हे काय? पूजा झाली?”

“मुहूर्त आजचाच होता,” अप्पा म्हणाले. “आता लक्ष्मीच्या डोक्यावरचं फूल काढून बूच फिरवणार का तुम्ही? सणासुदीचं?”

“नियम आहे, अप्पा.”

“नियम परक्यांसाठी असतो. आपल्या माणसांच्या कंपनीत नळ्या घालून बघायचं, तर मग ती आपली कशाला म्हणायची?”

कमलाकांतांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या पत्र्यावर टिचकी मारली. भरलेल्या ड्रमाचा आवाज आला, कारण मी भरलेला होतोच. मग त्यांनी दत्तारामकडे पाहिलं. “काय दत्ताराम, बघायचं का?”

साधा प्रश्न होता. त्याच्या ‘हो’ला पुरेल इतकी जागा त्यात होती. माझ्या पोटातलं पाणीसुद्धा त्या क्षणी हललं नसेल.

“साहेब, तुम्ही म्हणाल तसं,” दत्ताराम म्हणाला.

नळी पेटीत गेली. कमलाकांतांनी कागदावर सही केली आणि प्रसादाचा पेढा घेऊन ते निघून गेले. तळापर्यंत बघायचा नियम ज्यांनी केला, त्यांनीच तो एका फुलाच्या भिडेपोटी मोडला.

ताळेबंद छापला गेला. दादरच्या वार्षिक सभेआधी अप्पांनी शेअरवाल्यांना आणि नव्यानं शेअर घेणाऱ्यांना गोदाम दाखवायला आणलं. माना वर करून लोक आम्हाला बघत होते, आम्ही वाळलेल्या माळा घालून नवरदेवासारखे उभे. त्यात कौसल्या होती, दत्तारामची शेजारीण. गिरणीत वाइंडिंग खात्यात काम करायची. नवरा वर्षभरापूर्वी गेला होता आणि त्याचा फंड नुकताच हातात आला होता. पदरात मुलगी, बेबी. तिला शाळेत शिकवून नर्स करायचं एवढंच कौसल्येच्या डोक्यात. तिनं माझ्यावर तळवा ठेवला.

“भावजी, ह्ये सगले भरलेले हायत?”

दत्तारामनं तिच्याकडे बघितलं नाही. “भरलेत, वयनी.”

“मग टाकू ना पैसे? तुमी हायत म्हनून इचारते. मला काय कलतंय ताळेबंदातलं.”

“टाका,” तो म्हणाला.

तिनं सगळा फंड टाकला. तिचा तळवा उबदार होता, कामानं खरखरीत झालेला. तो आठवला की अजूनही मला गंज चढल्यासारखं होतं.

आणि गंज खरोखर चढतच होता. तेल पत्र्याला जपतं, पाणी खातं. वर्ष फिरायच्या आत, गणपतीच्या सुमारास, तळापासून बोटभर वर माझ्या पत्र्याला भोक पडलं. मी ते मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खोटं आता पुरे. बँकेचा माणूस तारण ठेवलेला माल बघायला आला होता. त्याची चप्पल ओली झाली. त्यानं वाकून बोट बुडवलं, वास घेतला. तेलाच्या ड्रमाखाली निव्वळ पाणी. त्यानं कुणावर आवाज चढवला नाही, फक्त एकेका ड्रमाचं बूच उघडायला सांगितलं.

मग जे व्हायचं ते झालं. कंपनीला टाळं लागलं. अप्पांवर खटला झाला. शेअरचे कागद चाळीचाळीत फडताळांच्या तळाशी गेले. लिलावाच्या आधी कमलाकांत एकदा एकटेच गोदामात आले. त्यांनी पेटी उघडली, माझं बूच फिरवलं आणि नळी तळापर्यंत घातली. भोकाखाली उरलेलं तांबूस पाणी काचेत चढलं. ते उजेडात धरून उभे राहिले.

“एवढंच करायचं होतं,” ते स्वतःशी म्हणाले. नळी त्यांनी तिथंच खिडकीत ठेवली आणि गेले. त्यांच्या पाठीचा बाक मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

फुटक्या ड्रमाला गिऱ्हाईक नसतं. थकलेल्या पगाराच्या बदल्यात दत्तारामला मी मिळालो. त्यानं मला नवा तळ ठोकून घेतला, वरचा पत्रा कापला, दिवसभर घासला. कुंकू मात्र जाईना. माझ्या कडेला ओघळलेल्या जवसाच्या तेलात ते कालवलं गेलं होतं, आणि जवसाचं तेल वाळलं की रंग धरून ठेवतं. अप्पांच्या कंपनीनं केलेला सगळ्यात टिकाऊ रंग माझ्या अंगावर आहे.

दत्तारामनं मला गॅलरीत आपल्या आणि कौसल्येच्या दारामध्ये ठेवलं. पहाटे नळाला पाणी आलं की तो भरायचा, दोन्ही घरं वापरायची. चाळीत सगळे म्हणायचे, बिचारा दत्ताराम, त्यालाही फसवलं. कौसल्या सगळ्यांत जास्त म्हणायची. त्याला काम नव्हतं त्या दिवसांत ती भाकरी पाठवायची. “भावजी, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष त्यात?” तो मान खाली घालून भाकरी घ्यायचा. ती भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरत असेल, ते मला कळत होतं. मी दोन वर्षं शेजारीच उभा होतो. बेबीची शाळा सुटली होती, ती आता कुणाकडे तरी शिवणकामाला बसायची.

मग महिन्यापूर्वी मुंबईसह मराठी राज्य झालं. चाळीला पताका लागल्या, खाली लेझीम चाललं होतं. बेबी गुलालाची ताटली घेऊन माळाभर फिरत होती. दारं, कठडे, माणसं, सगळ्यांना टिळा. माझ्याकडे आली आणि त्या जुन्या डागावरच बोट टेकवायला निघाली.

“थांब,” दत्ताराम म्हणाला. “त्याला नको. आधी झाकण काढ. आत काय आहे ते बघावं, मग टिळा लावावा.”

बेबी हसली. तिनं झाकण काढून बघितलं. “पानीच तर हाय, काका.” आणि गुलालाचं बोट त्याच्या कपाळाकडे नेलं.

त्यानं तिचं मनगट धरलं. कौसल्या दारात उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “वयनी, गोदामात तुम्ही विचारलंत, भरलेत का. मी भरलेत म्हटलं. आत पाणी आहे हे मला ठाऊक होतं. मीच भरलं होतं.”

खाली लेझीम चालूच होतं. कौसल्या गॅलरीत आली. तिनं बेबीच्या हातातून ताटली घेतली आणि उंबऱ्यावर ठेवली.

“पैसे गेले, त्यांचं मी कवाच सोडलंय,” ती म्हणाली. “पन दोन वर्सं मी तुमालाच धीर देत व्हते, भावजी.”

ती आत गेली. दार लावलं नाही, नुसती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती खालच्या नळावरून घागर भरून आणते. दोन जिने चढताना तिला दम लागतो, तो मला ऐकू येतो. दत्ताराम पहाटे उठून मला काठोकाठ भरतो आणि झाकण न लावता ठेवतो. तांब्या तिच्या दाराच्या बाजूला ठेवतो. संध्याकाळपर्यंत तो तिथंच असतो.

वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, तुमच्या कंपनीत, सोसायटीत, मंडळात माझ्यासारखे पुष्कळ उभे असतील, माळा घातलेले. त्यांच्या पाया पडायचं तर खुशाल पडा, पण आधी बूच उघडा. आपलं माणूस आहे म्हणून तर उघडा. आणि कौसल्याबाई, हे तुमच्यासाठी. माझ्या पोटात आज पाणीच आहे, आणि पाणी म्हणूनच आहे. झाकण उघडं आहे. कधीतरी येऊन हात तळापर्यंत घालून बघा.