विषयाचा रकाना

"चार माणसांत सोताच्या आईला खोटं पाडतं का रं कुणी? कुत्रंबी भाकर टाकणाऱ्यावर भुंकत न्हाई. तू तर माणूस, वर चार वर्षं ग्रंथ वाचल्याला."

ओतूरच्या स्टँडवरून एस.टी. हलली आणि शकुबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. मधल्या वाटेत काळी पत्र्याची ट्रंक आडवी ठेवली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात 'रत्नदीप भागुजी' एवढंच उरलं होतं. आडनाव कधीच खरवडून गेलं होतं. येणाराजाणारा ट्रंकेला अडखळायचा आणि शकुबाई त्याच्याकडं अशी बघायची, की तोच ओशाळून पुढं सरकायचा. रत्नदीप खिडकीशी बसून होता. सत्तावीस वर्षांचा बापया, पण आईच्या रागाशेजारी अंग चोरून बसलेला.

"बोल की. तिथं तर लई सपष्ट बोललास."

"खोटं लिहिलं असतं, आई. पुढं मुलाखतीच्या समितीनं विचारलं असतं तर?"

"इचारलं असतं तवा बघितलं असतं! आदी आत तर शिरायचं. गर्दीच्या गाडीत माणूस आदी पाय ठेवतो, जागा मागनं बघतो."

पुढच्या बाकावरची बाई फिसकन हसली. शकुबाईनं तिलाही सोडलं नाही. "हसा बाई, हसा. तुमचंबी पोरगं शिकंल एखांद्या दिशी, मग कळंल."

घडलं होतं ते असं. ओतूरच्या पुढं एका हायस्कुलात मास्तरची जागा निघाली होती. दोन हजार एक साल. जागोजाग बी.एड. झालेली पोरं रांगा लावून उभी, पण त्या आडबाजूच्या शाळेला इंग्रजी-गणिताला माणूस मिळत नव्हता, म्हणून नुसता पदवीधर चालणार होता. शकुबाईला ही बातमी मंचरच्या बाजारात लागली. तिनं भाजीची पाटी तिथंच शेजारणीच्या हवाली केली आणि अवसरीला घरी येऊन पोराला हलवलं, "ऊठ. ही तुझ्या नावाची जागा हाय."

रत्नदीपकडं पदवी होती. नुसती होती. वस्तीत येणाऱ्या मिशनच्या फादरांनी त्याला बारावीनंतर पार दक्षिणेत त्यांच्या लोकांच्या एका कॉलेजात धाडलं होतं. तिथली तऱ्हाच न्यारी. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र असली वाटणी नाही. चार वर्षांची पुस्तकांची एक ठरलेली यादी, आणि ती सगळ्यांनी सगळी वाचायची. पहिल्या वर्षी ग्रीक, दुसऱ्या वर्षी रोमन, तिसऱ्या वर्षी ख्रिस्ती साधुसंत, आणि चौथ्या वर्षी या सगळ्यांशी भांडण उकरून काढणारे. वाचायचं, गोल करून बसायचं आणि वाद घालायचा. मास्तर शिकवायचाच नाही, नुसता विचारायचा. शेवटी जे गुणपत्रक मिळालं त्याच्यावर विषयच नव्हते. पुस्तकांची नावं होती, एकाखाली एक, आणि तळाला परदेशातल्या विद्यापीठाचा गोल शिक्का.

पाच वर्षं तो कागद जिथं जिथं गेला तिथून परत आला. म्हणून शकुबाईनं या खेपेला युक्ती काढली. कागदावर पुस्तकांची नावं आहेत ना, मग पुस्तकंच नेऊन दाखवायची. आता तिच्या बाजारात रीतच तशी. म्हशीचं दूध किती ते सांगायचं नाही, गिऱ्हाइकासमोर पिळून दाखवायचं. तिनं ट्रंक झाडली, वाळवी लागू नये म्हणून घातलेला निंबाचा पाला काढला, आणि मायलेकांनी ती दोन कड्यांना धरून स्टँडपर्यंत नेली. वस्तीतली झुंबरबाई पाण्यावरून येत होती. ती म्हणाली, "काय शकुबाई, लेक पुन्ना पाद्र्याकडं चालला जणू?"

"मास्तर व्हायला चाललाय. तुझ्या नातवंडांस्नी हानायला."

हायस्कूलचे हेडक्लार्क सोमाजीराव म्हणजे भला माणूस. त्यांनी अर्ज घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"विषय कोणता?"

"तसा एक विषय नव्हता," रत्नदीप म्हणाला. "सगळंच होतं."

"सगळं म्हणजे राव, कोणताच नाही. इथं रकाना आहे एक. एकच."

शकुबाईनं ट्रंकेचा कडीकोयंडा उघडला. कचेरीत निंबाचा कडवट वास पसरला. रांगेतली चार पोरं वाकून बघायला लागली. सोमाजीरावांनी एक जाड पुस्तक उचललं, चाळलं, ठेवलं. दुसरं उचललं.

"हे कशाचं?"

"जुन्या काळच्या लढाईचं. काव्य आहे."

"आणि हे?"

"मैत्री म्हणजे काय, त्याच्यावर."

"मैत्रीवर एवढं?" सोमाजीराव पुस्तक हातात तोलून म्हणाले. "यातलं दहावीला काय येतं?"

रत्नदीपनं खरोखर विचार केला. "काही नाही."

तिसऱ्या पुस्तकात त्रिकोण निघाला तेव्हा सोमाजीरावांचा चेहरा खुलला. "अरे, ही तर भूमिती! ही आहे आपल्याकडं."

"मग गणित लिवा!" शकुबाई पुढं झाली.

"गणिताला बी.एस्सी. लागतं, बाई." त्यांनी पेन टेकवलं, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ पोरा, पुस्तकं सगळी इंग्रजीत दिसतात. मी इंग्रजी लिहितो. तू नुसता हो म्हण."

"इंग्रजीच व्हता!" शकुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज काही तिला खाली आणता आला नाही. "मी आई हाय त्याची. मला म्हाईत हाय. इंग्रजी इषय, पयल्यापासनं."

"आई," रत्नदीप सगळ्यांदेखत म्हणाला, "इंग्रजी विषय नव्हता. पुस्तकं इंग्रजीत होती."

सोमाजीरावांनी पेनाला टोपण घातलं. मागचा पोरगा पुढं सरकला.

आळेफाट्याला गाडी बदलायची होती. ट्रंक उतरवताना रत्नदीप म्हणाला, "चार वर्षं याच एका गोष्टीवर भांडलो आम्ही तिथं. आहे ते आणि बोलतो ते एक असावं का."

"मग? कोण जिकलं?"

"अजून चाललंय."

"चालू द्या," शकुबाई म्हणाली. "धर ती कडी. माझा हात तुटला."

मंचरच्या गाडीत मात्र ती गप्प बसली. कारण एक गोष्ट तिला ठाऊक होती, आणि ती ट्रंकेहून जड होती.

शकुबाई दुसरीपर्यंत शिकली होती. वर्गात पुस्तक एकच. पहिल्या ओळीपासून ते हातोहात फिरायचं, पोरं चार-चार ओळी वाचायची. शकुबाईच्या जातीची पोरं दाराशी बसायची. पुस्तक त्यांच्यापर्यंत यायच्या आधी घंटा व्हायची; रोजच व्हायची. दोन वर्षांत ते पुस्तक तिनं कानांनी पाठ केलं, हातात एकदाही धरलं नाही. पुढं छप्पन साल आलं, बाप धम्मात गेला, घरातले देव उतरले, पण शाळा सुटली ती सुटलीच.

म्हणून फादर जेव्हा दाराशी येऊन म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा हुशार आहे. आमच्याकडं असं एक कॉलेज आहे, तिथं सगळं वाचून घेतात," तेव्हा बाकीचं तिनं ऐकलंच नाही. सगळं. हाच एक शब्द तिनं धरला. वस्तीतले लोक चिडले. एकदा धर्म बदलून मोकळे झालो, आता पोरगं पाद्र्याला देतेस काय? तिनं विहारापुढं उभं राहून सांगितलं, "पोरगं शिकायला दिलंय, पाणी शिंपडायला न्हाई." आणि फादरांनीही कधी शिंपडलं नाही. तेवढे ते शब्दाचे पक्के होते.

पण त्याच जूनमध्ये पोस्टमननं एक पत्र आणलं होतं. पोस्टमननंच ते तिला वाचून दाखवलं. डी.एड.ला रत्नदीपचा नंबर लागला होता. दोन वर्षं शिकायचं, आणि तेव्हा बाहेर पडलेल्याला गावच्या शाळेत नोकरी ठरलेली. रत्नदीप रानात गेला होता. शकुबाई पत्र हातात घेऊन चुलीपुढं बसली. पहिलीच्या पोरांना बाराखडी घोकायला लावणारा मास्तर! इतकी पुस्तकं दारात चालून आलेली असताना? तिनं पत्र चुलीत सारलं आणि त्यावर भाकरी टाकली. संध्याकाळी तो विचारत आला, "पोस्टमन आलता का?" ती म्हणाली, "आलता. आपलं काय न्हाई."

नवऱ्याला, भागुजींनासुद्धा, ते मरेपर्यंत तिनं हे सांगितलं नाही.

ओतूरनंतर सहा वर्षं गेली. फादरांची बदली झाली, मग ते वारल्याचं कळलं. लोक म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून बी.ए. कर. रत्नदीप बसला परीक्षेला. तीन तासांत एकाच प्रश्नाचं उत्तर लिहून आला, आणि तेही पुरं झालं नाही म्हणून हळहळत. शिकवणी लावली, तर पोरांना गाईड हवं, हा विचारायचा, "तुला स्वतःला काय वाटतं?" पोरं घरी जाऊन सांगायची, मास्तरला काय येत न्हाई, आमालाच इचारतो. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायला बसवलं. आवाज असा की बायका हातातलं काम सोडून ऐकायच्या. चौथ्या दिवशी वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "हे असंच का, यावर बोलूया." म्हातारी माणसं म्हणाली, "पोरा, तुला वाचायला बसवलंय." पाचव्या दिवसापासून दुसराच कुणी वाचायला लागला. शकुबाई त्या रात्री वस्तीतल्या एकेकाच्या दारात जाऊन भांडून आली. घरी येऊन मग त्याच्याशी भांडली.

शेवटी मंचरजवळ बटाट्याच्या एका कोल्ड स्टोरेजवर तो गेटवर लागला. खाकी शर्ट, शिट्टी, काठी. काही दिवस पुढच्या गेटावर होता. एकदा एका ड्रायव्हरनं, गाडी सकाळीच आली होती असं लिही म्हणून सांगितलं. गाडी दुपारी आली होती. यानं दुपार लिहिली. मालकाच्या माणसांनी त्याला मारलं नाही, काढलंही नाही. मागच्या गेटावर बसवलं. मागच्या गेटातून फक्त नासलेला माल बाहेर जातो.

शकुबाई भाकरी घेऊन पहिल्यांदाच तिकडं गेली तेव्हा चैत्राचं ऊन होतं. भिंतीच्या कडेनं वळसा घालून गेली, आणि वासानंच तिला कळलं की आलं ठिकाण. नासलेल्या बटाट्याचा वास, मेलेल्या उंदरासारखा. काळं पाणी गेटाखालून ओघळत रस्त्यावर आलेलं. गेटाशेजारी पत्र्याच्या आडोशाला रत्नदीप बसला होता. ट्रंकेवर बसला होता. खुर्ची मागच्या गेटाला दिलेली नव्हती.

'रत्नदीप'मधला 'दीप' त्याच्या मांडीखाली गेला होता. चौतिसाव्या वर्षी त्याचे कानशिलाचे केस पांढरे झाले होते.

"ऊठ जरा. पुस्तकांवर बसतं का कुणी?"

"चांगली जाड आहेत, आई. पत्रा दबत नाही."

तिनं फडकं सोडलं. भाकरी, पिठलं, कांदा. तो जेवायला लागला. त्याला वास येत नव्हता, किंवा येत होता आणि आता कळत नव्हता.

"वाचत न्हाईस व्हय आता? इथं तर दिसभर कुनी न्हाई."

"वाचून झालीत."

हे तो इतकं साधं बोलला, की शकुबाईच्या हातातला कांदा तसाच राहिला. तिला वाटलं होतं हा चिडेल, रडेल, निदान फादरांना शिव्या घालील. सहा वर्षं ती त्याला वाट्टेल ते बोलली होती. मुका, खांब, पाद्र्याचं लाकूड. एकदाही त्यानं उलटून म्हटलं नव्हतं, की आई, तूच पाठवलंस.

"रत्ना," ती म्हणाली, "तुझा डी.एड.ला नंबर लागला व्हता."

तो थांबला.

"पत्र आलतं. बारावीच्या जूनला. मी चुलीत घातलं. मला वाटलं, एवढं मोठं सोडून एवढं बारकं कशाला. तुला सांगितलं न्हाई, तुझ्या बापाला सांगितलं न्हाई. ज्येला लागला नंबर, त्येला इचारलंबी न्हाई."

नासका माल भरलेला ट्रॅक्टर आतून आला आणि हॉर्न द्यायला लागला. रत्नदीप घास तसाच ठेवून उठला. हात खाकी पँटला पुसले, फाटक ढकललं. ट्रॉली गळत गळत बाहेर पडली, वळली, गेली. त्यानं फाटक पुन्हा लोटलं, अडणा घातला आणि परत येऊन ट्रंकेवर बसला. भाकरीकडं बघत म्हणाला,

"म्हणजे एवढं एकच वाचायचं राहिलं."

 माशा पिठल्यावर बसायला लागल्या. शकुबाईनं पदरानं एकदा हाकलल्या, मग हाकलायचं सोडून दिलं. तिनं फडकं गोळा केलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि त्याच्यापुढं उभी राहिली, जशी ती भांडायला उभी राहते तशीच, ताठ. पण आवाज तिला या खेपेला खाली आणता आला.

"त्या दिवशी ओतूरच्या शाळंत तू खोटं बोलला न्हाईस, ते बरं केलंस. जल्मात तुझ्या हातनं तेवढंच झालं, रत्ना. माझ्या हातनं तेवढंबी न्हाई."